बीबीतला जुना गॅस

लोणारच्या तालुक्यात जाऊन सरोवर न बघता परत आलेली बाई म्हणून घरी सध्या माझी यथेच्छ टिंगल चालू आहे. शेजारणीनं कौतुकानं फोटो मागितले. माझ्याकडे फोटो आहेत ते एका डीप फ्रीजरच्या पाठीचे. ते दाखवले असते तर तिनं पुन्हा चहाला बोलावलं नसतं, म्हणून फोन बिघडलाय असं सांगून वेळ मारून नेली.

मी सांगलीला फ्रीज आणि एसीची दुरुस्ती शिकवते. बाई माणूस आणि हे काय शिकवते, असं विचारणाऱ्यांना उत्तर देणं मी बऱ्याच वर्षांपूर्वी सोडून दिलं. मध्यंतरी जालन्याला आसपासच्या मेकॅनिक मंडळींसाठी आमचं एक शिबिर झालं होतं. फ्रीजमधला जुना गॅस हवेत सोडून न देता सिलिंडरमध्ये कसा भरून घ्यायचा, एवढाच विषय. तिथं देऊळगाव राजाचे सत्तारभाई आले होते. पन्नाशीचा, उंच, कमी बोलणारा माणूस. नंतर ईद-दिवाळीला फोन व्हायचे. या फाल्गुनात फोन आला तो सणाचा नव्हता.

"मॅडम, तुमी शिकवलं तसंच करून राह्यलो. पण गिऱ्हाईक तुटून राह्यलं. एकदा येऊन पाहून जा."

आवाजात राग नव्हता, तक्रारही नव्हती. रागावले असते तर मी चार गोष्टी फोनवरच सांगून मोकळी झाले असते. तसं झालं नाही, म्हणून बॅग भरली.

देऊळगाव राजा

जालन्याहून एसटीनं निघाले. गाव जवळ आलं तसे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतांत हिरवे-पांढरे मांडव दिसायला लागले. एक, दोन, दहा, मग मोजणंच सोडलं. लग्नसराई आहे हे ठाऊक होतं, पण एकाच दिवशी एवढी लग्नं म्हणजे मुहूर्त भलताच जोरदार असणार. स्टँडवर न्यायला आलेल्या सत्तारभाईंना मी हे बोलून दाखवलं. ते पहिल्यांदा हसले ते तेव्हाच.

"मांडव नाही मॅडम. शेडनेट हाये. आत मिरची, टमाटे, काकडी. बियाण्याचं काम चालते."

ही जाळी ऊन अडवत नाही, उन्हाचा जाच अडवते. आत उभं राहिलं की उजेड भरपूर, पण पान करपत नाही. मला हे फार सोयीचं वाटलं. ओझोनचा थर समजावून सांगताना वर्गात मी इतकी वर्षं फळ्यावर गोल काढत आले. इथं गावाबाहेर एक जाळी बोट करून दाखवली की झालं. विमानं उडतात त्याच्याही वर हवेत ओझोनचा विरळ थर आहे. सूर्याचा उजेड तो खाली येऊ देतो, पण त्यातले जे किरण कातडी जाळतात, डोळ्यांत मोतीबिंदू आणतात, पिकाची वाढ खुंटवतात, त्यांतले बहुतेक वरच्यावर अडवतो. जुन्या फ्रीजमधला गॅस हवेत सुटला की वर्षानुवर्षं तरंगत तिथवर जातो, आणि त्यातलं क्लोरीन त्या जाळीचे धागे एकामागून एक तोडत बसतं. एक तोडून थांबत नाही, हे त्यातलं वाईट.

सत्तारभाईंचं दुकान स्टँडपासून जवळच. पत्र्याचं शटर, आत दाटीवाटीनं उभे असलेले फ्रीज. बहुतेक सगळे म्हातारे. बीटी कपाशीनं सुरुवातीला हात दिला त्या वर्षांत इथल्या खेड्यांतून फ्रीज आले, काही मुलींच्या लग्नात आंदण म्हणून, बरेचसे शहरातून जुने घेतलेले. मग खर्च वाढत गेला, भाव पडले, आणि गेल्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं कपाशी आतून खाल्ली. आता नवा फ्रीज कोण घेतो? आहे तोच पुन्हा पुन्हा दुरुस्त करायचा. आमच्याकडे ऊसवाले लोक फ्रीज जुना दिसायला लागला की बदलतात आणि भंगारवाला तो फोडून टाकतो. इथं जपून वापरतात. जगानं जे गॅस बनवायचे थांबवले, त्यांतला उरलासुरला अशा जपून वापरणाऱ्या घरांत आहे. तो तिथून कसा बाहेर पडतो यावर बरंच काही अवलंबून आहे, आणि ते सत्तारभाईंसारख्यांच्या हातात आहे.

"मग अडचण काय आहे?" मी विचारलं.

त्यांनी तोंडानं आवाज काढला. फुस्स.

"हे पाह्यजे लोकायले. हे आइकलं की जुना गॅस गेला. नाही आइकलं तर सत्तारनं जुनाच गॅस परत भरला आन पैसे नव्याचे घेतले."

मी डोक्याला हात लावला. फ्रीजची नळी तुंबली की दुरुस्तीआधी आतला गॅस काढावाच लागतो. पूर्वीची रीत म्हणजे नळी कापायची आणि गॅस हवेत. तो आवाज सगळं घर अंगणात जमून ऐकायचं. मेकॅनिकही हौसेनं सांगायचे, या, ऐका, गेला बघा जुना. तीच पावती. आता सत्तारभाई मशीन लावून गॅस गुपचूप सिलिंडरमध्ये ओढून घेतात, त्यात कसला आवाज? उलट गिऱ्हाइकाला दिसतं काय, तर या माणसानं आमचा गॅस बाटलीत भरला, आणि थोड्या वेळानं दुसऱ्या बाटलीतनं परत घातला. शिबिरात आम्ही सगळं शिकवलं होतं. हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

दुपारी त्यांच्या घरी जेवले. त्यांच्या बायकोनं, नजमाभाभींनी, ज्वारीची भाकरी आणि मिरचीची भाजी केली होती. तोंडी लावायला मिरची नव्हे, मिरचीचीच भाजी, तुरीची डाळ आणि शेंगदाणे घालून. आम्ही सांगली-कोल्हापूरकडची माणसं तिखटाचा फार तोरा मिरवतो. दुसऱ्या घासाला माझा तोरा उतरला आणि कानातून वाफा निघायला लागल्या. भाभींनी न बोलता दह्याची वाटी पुढं सरकवली. ती त्यांनी आधीच काढून ठेवली होती, म्हणजे माझा अंदाज त्यांना आल्या आल्याच आला असणार.

जेवताना लोणार तालुक्यातल्या बीबी गावाचा विषय निघाला. तिथं कमलकाकू म्हणून एक बाई दूध संकलन चालवतात. अर्धं गाव त्यांच्याकडे दूध घालतं आणि त्या म्हणतील ते ऐकतं. त्यांचा डीप फ्रीजर बंद पडलाय. संध्याकाळचं दूध सकाळच्या गाडीपर्यंत टिकवायचं ते त्याच्याच जिवावर.

"काकूनं निरोप देला, ये. पण माह्यासमोर गॅस सोडायचा, आवाज आला पाह्यजे. नाहीतर दुसरा मेकॅनिक बलावते," सत्तारभाई म्हणाले. "आन काकू गेली तर बीबी गेलं. बीबी गेलं तर दुकानात काही राह्यत नाही."

भाभी ताटाकडे बघत म्हणाल्या, "मंग पुण्याले. माह्या भावाजवळ. एसीच्या कंपनीत." पुण्याचं नाव त्यांनी अशा सुरात घेतलं की मला पुण्यातले माझे सगळे नातेवाईक आठवले आणि त्यांची बाजू घ्यावीशी वाटली नाही.

"सोडला एकदा, तर काय होईल?" भाभींनी मला विचारलं. सरळ प्रश्न होता. उत्तर सरळ देणं अवघड होतं. एका फ्रीजरमधल्या गॅसनं आभाळ फाटत नाही. पण सत्तारभाईंनी बीबीत एकदा आवाज केला की पुढं प्रत्येक अंगणात तो करावा लागेल, आणि आजवर ज्या ज्या अंगणात केला नाही तिथं ते चोर ठरतील. मी एवढंच सांगितलं.

रस्त्यानं

सकाळी सत्तारभाईंच्या मोटारसायकलवर निघालो. पुढं पिशवीत हत्यारं, बाजूला बांधलेले सिलिंडर, आणि गॅस ओढायचं मशीन माझ्या मांडीवर. सिंदखेड राजा मागं पडलं. दोन्ही बाजूंना काळी रानं मोकळी पडली होती. बांधाबांधावर उपटलेल्या कपाशीच्या पऱ्हाटीचे ढीग. एरवी त्या काटक्या चुलीसाठी घरी नेतात. यंदा पुष्कळ ठिकाणी तशाच पडून होत्या, आत अळी असेल म्हणून जाळून टाका असं सांगितलं होतं म्हणे. खडकपूर्णेच्या पुलावर वारा लागला तेवढाच. बाकी ऊन असं की मशीनचा पत्रा मांडीला चटके द्यायला लागला आणि मी ओढणीची घडी करून खाली घातली.

दुसरबीडला चहाला थांबलो. माझा अवतार म्हणजे डोक्याला ओढणी, डोळ्यांना गॉगल, हातात घड्याळासारखी मीटरं असलेलं मशीन. बाकड्यावरच्या एका म्हाताऱ्यानं मला नीट न्याहाळलं, उठून घरी गेला आणि प्लास्टिकच्या पिशवीत वाळलेली कपाशीची बोंडं घेऊन आला. माझ्यासमोर बाकड्यावर ओतली.

"पाहा बाई. सगळीच अशी हाये."

मला कळेना. सत्तारभाई पुटपुटले की काकांना वाटतंय तुम्ही नुकसानीची पाहणी करायला आलात. मी घाईघाईनं सांगितलं, मी फ्रीजवाली आहे हो. म्हाताऱ्यानं बोंडं एकेक करून परत पिशवीत भरली. चहा संपेपर्यंत मला त्यांच्याकडे बघवेना.

"फ्रीजवाली हाये तर मंग हे सांग," शेजारचा एक तरुण म्हणाला, "त्या ओझोनले भोक पडलं म्हणूनच ऊन वाढलं ना? आन अळी बी त्यानंच आली?"

हो म्हटलं असतं तर माझं काम किती सोपं झालं असतं. पण तसं नाही. मी म्हटलं, अळीचा आणि ओझोनचा काही संबंध नाही. मोठं भोक पडलं ते पार दक्षिण ध्रुवावर, इथं बुलडाण्यावर नाही. ऊन वाढायची कारणंही वेगळी, हा गॅस त्यात भर घालतो तेवढंच. ओझोन गेला असता तर ऊन जास्त तापलं नसतं, जास्त बोचलं असतं. माणसाच्या डोळ्याला, कातडीला, पिकाच्या पानाला. सगळ्या देशांनी मिळून ते गॅस बनवणं बंद केलं म्हणून ती जाळी आता हळूहळू भरून येतेय.

"म्हणजे काहीतरी सुधारून राह्यलं," तो म्हणाला.

"सुधारतंय."

"दिसते का पण ते?"

"नाही. दिसत नाही."

तो हसला. "बियाण्याच्या पाकिटातलं बी दिसत नव्हतं. कंपनीवाले म्हणले आत अळीचं औषध हाये, आमी मानलं." आणि त्यानं आमच्या चहाचे पैसे देऊन टाकले. मी नको म्हणत राहिले, पण त्यानं ऐकलं नाही.

पुढं बराच वेळ मी त्याचाच विचार करत होते. एरवी लोक अडाणी आहेत, आवाजाला भुलतात, असं म्हणून मी मोकळी झाले असते. पण ज्यांनी डोळे झाकून एकदा विश्वास ठेवला आणि हाती पोखरलेली बोंडं आली, ते कानानं ऐकल्याशिवाय काही मानणार नाहीत, यात त्यांचं काय चुकलं? माझा माल तर त्याहून अवघड. गॅस दिसत नाही, ओझोन दिसत नाही, झालेला फायदाही दिसत नाही. तो फायदा म्हणजे जे झालं नाही ते, न झालेला मोतीबिंदू, न करपलेलं पीक.

बीबी

कमलकाकू साठीच्या, ठेंगण्या, नऊवारीचा काष्टा घट्ट. कपाशीचा नाद सोडून म्हशी घेणाऱ्या गावातल्या त्या पहिल्या. ओट्यावर दूध मोजायचा काटा, शेजारी फॅट तपासायचं मशीन. मला त्यांनी पाणी दिलं, बसायला खाट टाकली, आणि सत्तारभाईंना उभं ठेवूनच विचारलं, "काऊन रे सत्तार, लोकं म्हणतात ते खरं हाये का? तू जुनाच गॅस भरतं?"

"नाही काकू."

"मंग माह्यासमोर सोड. आवाज येऊ दे."

"सोडता येत नाही काकू. तो वर जाऊन नुकसान करते. या मॅडमनं शिकवलं."

आता सगळे माझ्याकडे बघायला लागले. अंगणात तोवर पाच-सात माणसं जमली होती. मी शेडनेटपासून सुरुवात करून जाळी, धागे, क्लोरीन, सगळं सांगितलं, आणि खरं सांगायचं तर चांगलं सांगितलं. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, तुम्ही शिकेल हाये. खोटं कायले सांगान? पण माह्या फ्रीजरमधून काय निंघालं आन काय आत गेलं, हे मले कसं समजन?"

मग त्या सत्तारभाईंकडे वळल्या, "तू काम सुरू तर कर. पाहू."

सत्तारभाई फ्रीजरमागं बसले. बारीक नळी तुंबली होती, म्हणजे गॅस जवळजवळ सगळा आतच होता. मशीन लावलं, सिलिंडर जोडला. मशीन घुरघुरत राहिलं. माणसं कान देऊन उभी, पण हवं ते ऐकू येईना. एक जण म्हणाला, "पाह्यलं? बाटलीत भरून राह्यला." सत्तारभाईंच्या मानेवरून घाम वाहत होता. ते मान वर करत नव्हते.

तुंबलेली नळी बदलली, जोडाला डाख दिला. मग नेहमीची तपासणी. नव्या जोडातून कुठं गळत नाही ना हे बघायला नळ्यांत नायट्रोजन दाबानं भरायचा, साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का बघायचे, आणि तो सोडून द्यायचा. नायट्रोजन सोडायला काहीच हरकत नाही. आपण श्वास घेतो त्या हवेत तोच जास्त असतो. सत्तारभाईंनी फेस पुसला आणि वाल्व उघडला.

फुस्स.

चांगला लांब, मोठा आवाज. म्हशीनंसुद्धा मान वळवली. अंगणातली माणसं एकदम सैल झाली. कोणीतरी म्हणालं, "हां, आता गेला." काकूंचा चेहरा उजळला. "असं पाह्यजे सत्तार. उगाच मले एवढं बोलू देलं." आणि त्या चहा टाकायला आत वळल्यासुद्धा.

माझा जीव भांड्यात पडला. कोणी खोटं बोललं नव्हतं. जुना गॅस सिलिंडरमध्ये सुखरूप होता, आवाज नियमाप्रमाणेच झाला होता, गाव खूश होतं. ओझोनही वाचला आणि दुकानही. हे आपल्याला शिबिरात का सुचलं नाही, दर वेळी नायट्रोजन शेवटी दणक्यात सोडा म्हणून सगळ्यांना सांगून टाकू, इथपर्यंत माझं मन पोचलं होतं. सत्तारभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनीच खुणावलं, गप्प बसा.

ते उठून उभे राहिले.

"काकू, तो जुना गॅस नव्हता."

काकू उंबऱ्यात थांबल्या.

"तो साधा नायट्रोजन होता, तपासाले भरेल. हवाच समजा. तुमचा जुना गॅस या सिलिंडरात हाये. लावायच्या आधी मोजून घ्या म्हणणार होतो, तुमी बोलल्या त्यात राह्यलं. पण वजन यावर लिहेल हाये, रिकाम्याचं. आता तुमच्याच काट्यावर ठेवा. जेवढं जास्त भरन तेवढा तुमचा."

काकू ओट्याकडे आल्या. सत्तारभाईंनी सिलिंडर दुधाच्या काट्यावर ठेवला. काकूंनी पदरानं काट्याचा आकडा पुसला, सिलिंडरवर खरवडलेला आकडा वाचला, पुन्हा काट्याकडे बघितलं. वजन जास्त होतं. थोडंसंच, पण होतं.

"पण म्या तर मानलं होतं," त्या म्हणाल्या. "आवाज आला, संपलं होतं. सांगतलं काऊन?"

सत्तारभाई म्हणाले, "औंदा म्या बी दोन एकर बटईनं कपाशी लावली होती काकू. पाकिट पाहून मानलं होतं. मानू देणारा माणूस कसा असते ते पाह्यलं म्या. मले तसं नाही व्हायचं. तुमाले दुसरा मेकॅनिक पाह्यजे असन तर बलावा, पण माह्याकडून चुकीचं समजून नोका घेऊ."

मी पुण्याचा विचार करत होते, नजमाभाभी ताटाकडे बघत बोलल्या होत्या त्याचा. मघाशी 'बाटलीत भरून राह्यला' म्हणणारा गडी पुन्हा म्हणाला, "म्हणजे आवाज खोटाच होता ना काकू?"

काकूंनी त्याच्याकडे बघितलं नाही. त्या फॅटच्या मशीनशेजारी टेकल्या.

"माह्या या मशीनले लोकं काय म्हणतात ठाऊक हाये मले," त्या हळू म्हणाल्या. "कमल फॅट कमी दाखवते म्हणतात. रोज म्हणतात. तोंडावर चांगले, मांगं हेच. मी कोणाकोणाले पटवू?" त्यांनी एकदा डोळे पुसले आणि मग सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बीबीत याच्यापुढं कोणी सत्तारले आवाज मांगायचा नाही. भर रे नवा गॅस."

सत्तारभाई खाली बसले. नव्या सिलिंडरचा नट त्यांना लागेना, पाना दोनदा घसरला. मी जाऊन सिलिंडर धरून ठेवला. त्यांनी बाहीनं डोळे पुसले आणि तिसऱ्यांदा पाना लावला.